डोंगराला रोंगर म्हणणारी मुलगी

आमच्या शाळेत एक सर होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. मुलीचं लिहायचा प्रश्नच नाही, तिची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि मलाही ती करायची नाही. सरांचं लिहिलं तर शाळा कळेल, आणि शाळा कळली की मुलगी कळायला वेळ लागत नाही. एवढी एकच अडचण आहे. नाहीतर त्यांचं नाव मी पनवेलच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवून घेतलं असतं, स्वखर्चाने.

सर मराठी शिकवायचे आणि उच्चारांसाठी गावभर प्रसिद्ध होते. कथाकथन, पाठांतर, वक्तृत्व, कुठल्याही स्पर्धेत आमच्या शाळेचं मूल उभं राहिलं की परीक्षक सरसावून बसायचे. कोळीवाड्यातली, आसपासच्या गावांतली मुलं हाय-नाय करत पाचवीत यायची आणि सरांच्या हाताखालून आकाशवाणीवर बातम्या वाचतील अशी होऊन निघायची. पालक सरांच्या पाया पडायचे. ऑफिसातली, कॉलनीतली शिकलेली माणसंसुद्धा आपली मुलं आमच्याकडे घालताना म्हणायची, तिथे ते सर आहेत ना.

मी पीटीची बाई. जन्म बेलपाड्याचा, जात आगरी. खारघरचे टॉवर उभे राहायच्या आधी तिथे आमची भातं होती, हे आता कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. आमच्याकडे झाडाला झार म्हणतात, गाडीला गारी, पाण्याला पानी. ही भाषा शाळेत बोलले म्हणून मी लहानपणी भरपूर हसू झेललं, आणि मग जिद्दीने दुसरीही शिकले. आता मी दोन्ही बोलते आणि दोन्हीत भांडते. सर मला स्टाफरूममध्ये एकदा म्हणाले, "बाई, तुमचा ण अजून कच्चाच आहे." मी म्हटलं, "असू दे सर. पानी म्हटलं तरी तहान भागते." सगळे हसले, सरही हसले. तेव्हा मला त्यांच्याबद्दल काही वाईट वाटत नव्हतं. थोडा आगाऊपणा वाटायचा, एवढंच.

मुलगी सहावीत होती. खाडीकडच्या कोळीवाड्यातली. आई मासळी बाजारात बसायची, वडील आधी होडीवर जायचे, मग मासळी कमी झाली तसे जासईच्या कंटेनर यार्डात लागले. पोरगी खो-खोत अशी पळायची की तिला शिवायला जाणाऱ्या मुली रडकुंडीला यायच्या. आवाज खणखणीत. सरांनी तिला पाचवीतच हेरलं होतं. वर्षभरात तिची भाषा इतकी साफ झाली, की तिची आई मला म्हणाली, "आता घरान पन आमाला सुधारते. म्हनते, आई, पानी नाय, पाणी." सांगताना तिचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

सहावीत दिवाळीची सुट्टी संपली आणि त्या मुलीची भाषा अचानक बिघडली.

तालुक्याची कथाकथन स्पर्धा तोंडावर आलेली. तिला एका धनगराच्या पोराची गोष्ट दिली होती, डोंगरावर बकऱ्या हरवतात अशी काहीतरी. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर तिच्याकडून सराव करून घेत. ती उभी राहिली आणि म्हणाली, "एका रोंगरावर एक धनगर राहत होता." पोरं खिदळली. तिच्या वर्गशिक्षिका खालून ओरडल्या, "डोंगर! ड, ड!" ती पुन्हा म्हणाली, "रोंगर." डबा आला तिथे रबा म्हणाली, डोकं आलं तिथे रोकं. वर्गशिक्षिकांनी तिला खाली आणून सगळ्यांदेखत झापलं. म्हणाल्या, "वर्षभर सरांनी रक्त आटवलं आणि तू मुद्दाम माती खातेस? शेवटी वळणाचं पाणी वळणावर जाणार." या शेवटच्या वाक्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे मी बघितलं.

राग आला, पण त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. ते मैदानावर चुन्याची रेघ मारताना लक्षात आलं. रोंगर असं आमच्यात कोणीच म्हणत नाही.

आमच्या बोलीत ड चा र होतो, पण शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी. घोडा घोरा होतो, झाड झार होतं. सुरुवातीचा ड कधी हलत नाही. डोळ्याला आम्ही डोला म्हणू, रोला म्हणणार नाही. समोर कर्नाळ्याचा डोंगर आहे, तो आमच्या सात पिढ्यांना डोंगरच आहे. आगरी असो नाहीतर कोळी, पोटातून ही बोली घेऊन आलेलं मूल रोंगर म्हणूच शकत नाही. ही चूक ऐकणाऱ्यांना गावठी वाटत होती, पण ती गावाचीही नव्हती. ती बनवलेली होती. आपल्या जिभेवर मेहनत घेऊन कमावलेली भाषा एक अकरा वर्षांची मुलगी स्वतःच्या हाताने मोडत होती, आणि घाईत मोडताना नको तो भागही मोडत होती.

का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पण मी बघायला लागले. शाळा सुटल्यावर सरांचा सराव ग्रंथालयात असे. तिकडे जायची वेळ झाली की ही मुलगी माझ्या खोलीत यायची. बाई, रिंगा मोजू का. बाई, जाळी गुंडाळू का. काम संपलं की दुसरं मागायची. एकदा तर आधीच गुंडाळलेली जाळी सोडून परत गुंडाळायला बसली. आणि सरांचा निरोप आला की तिचा चेहरा असा कोरा व्हायचा, की बघवत नसे.

त्यात गंमत बघा, गंमत म्हणायचं आणि दात खायचे. आधी ती आणखी दोन मुलांबरोबर सरावाला बसायची. भाषा बिघडल्यावर सरांनी मुख्याध्यापकांना सांगितलं, हिला जास्त वेळ द्यावा लागेल, शनिवारी दुपारी एकटीला बोलावतो. ती जितकी बिघडवत होती, तितका तिचा सराव वाढत होता. सगळी शाळा म्हणत होती, सर किती कष्ट घेतात.

पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला म्हटलं, आज खो-खोच्या निवडीसाठी थांब. निवड वगैरे काही नव्हती. सरांचा निरोप आला, मी उलटा निरोप पाठवला की मुलगी मैदानावर आहे, माझ्याकडे. मग आम्ही दोघी पायरीवर बसलो. समोर दोन मुली रिंग खेळत होत्या, त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी बोलीत विचारलं, "तुमच्यान रोंगर कोन बोलतं ग?"

तिने चमकून बघितलं. "कोनी नाय."

"मंग तू कनाला बोलतंस?"

बराच वेळ ती बुटाची लेस सोडत-बांधत राहिली. मग ती म्हणाली, "सर मना स्पर्धेतून कारतील म्हनून." कारतील म्हणजे काढून टाकतील.

"तुला नाय जायचा?"

"स्पर्धेत जायचा. ग्रंथालयान नाय जायचा."

त्यानंतर तिने जे सांगितलं ते तिचं आहे, ते मी इथे लिहिणार नाही. एवढं पुरे, की उच्चार शिकवायच्या नावाखाली तो माणूस तिला नको तिथे हात लावत होता, आणि हे आपल्या दोघांतच ठेवायचं असं बजावत होता. घरी सांगितलंस तर आईच तुला शाळेतून काढेल, मासळी विकायला बसवेल, असंही त्याने सांगून ठेवलं होतं. मी खोदून काही विचारलं नाही. तिने जेवढं दिलं तेवढं घेतलं. तिला म्हटलं, "तू सांगलास, लय चांगला केलास. तुजी काय पन चूक नाय."

"बाई, कोनाला सांगू नका."

इथे खोटं बोलणं सोपं होतं. नाही सांगणार म्हटलं असतं तर तिला त्या क्षणी बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "सांगनार. पन शाळाभर नाय. ज्यांनी ह्ये थांबवायचा हाय त्यांनाच, आनि त्याच्या आदी तुज्या आईला. मी तुज्या संगती हाय." ती रडली नाही. तिने विचारलं, "मंग सोमवारी ग्रंथालयान जायला लागल?" मी म्हटलं, नाही. त्या एका नाहीवर मी पुढची सगळी वर्षं उभी आहे.

मुख्याध्यापक अजून ऑफिसात होते. मी तिला शिपाईमावशींजवळ बसवलं आणि आत गेले. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते, पण शाळेचं नाव हे त्यांचं कुलदैवत होतं. ऐकून त्यांनी आधी दार लोटलं. मग म्हणाले, "आधी खात्री करू. सोमवारी दोघांना समोरासमोर बसवतो."

मी म्हटलं, "सर, शेळीला आणि वाघाला समोरासमोर बसवून काय खात्री होते?"

ते म्हणाले, समिती नेमू. संस्थेच्या अध्यक्षांना विचारू. मुलीची भाषा बघा, हल्ली तिचं वागणं बघा, सगळ्या शाळेसमोर ती मुद्दाम चुकीचं बोलली, अशा मुलीवर विश्वास ठेवायचा आणि इतक्या वर्षांच्या माणसाला रस्त्यावर आणायचं? तेव्हा माझा आवाज चढला. मी म्हटलं, "ती मुद्दाम चुकीचं बोलली, हेच तर तुम्ही ऐकत नाही आहात. ती ओरडून सांगत होती, आणि आपण तिचा ड दुरुस्त करत होतो."

मुलांसाठीचा नवा कायदा येऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. पण त्याचं एक प्रशिक्षण मी केलं होतं, चहा-बिस्किटांसाठी नाही, लक्ष देऊन. कळलं की कळवायचं. संशय आला तरी कळवायचं. खरं-खोटं ठरवणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम, शाळेचं नाही. आणि दडपलं तर दडपणाराही गुन्हेगार. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मला धमकी देताय?" मी म्हटलं, "नाही सर, कायदा सांगतेय. तुम्ही येत असाल तर बरोबर चला, नाहीतर मी निघाले." ते आले नाहीत.

मुलीला घेऊन मी तिच्या घरी गेले. आई नुकतीच बाजारातून आली होती, अंगाला बर्फाचा आणि मासळीचा वास. मी सगळं सांगितलं. ती उभी होती ती खाली बसली. पहिलं वाक्य तिने उच्चारलं ते, "बाई, हळू बोला, शेजारी ऐकतील." मग म्हणाली, पोरीचं पुढे कसं होईल, समाजात तोंड कसं दाखवू. मी ऐकत होते. मला तिचा राग आला नाही. ती भीती तिने एकटीने पैदा केलेली नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या आयांच्या ओटीत घातलेली होती. मी एवढंच म्हटलं, "तोंड लपवायचं काम तुमचं नाही."

तिने मुलीला जवळ ओढून घेतलं आणि कितीतरी वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग एकदम तिचा चेहरा बदलला. "मी त्या मेल्याला कोलंबी सोलून दिली," ती म्हणाली. "गुरुजी म्हनून. दर आयतवारी. या हातानी." असं म्हणून तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि उठली. चप्पल घातली. "चला, कुटं जायचा त्या."

वडिलांना यार्डात फोन केला. ते थेट सरांच्या घरी जायला निघाले होते. मी फोनवर सांगितलं, "तुम्ही हात उचललात तर आत तुम्ही जाल आणि तो जामिनावर बाहेर फिरेल. पोरीला बाप घरात पाहिजे." त्यांनी मला काय शिवी दिली ती लिहीत नाही. पण ते घरी आले, आणि आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली.

मुलीचा जबाब घ्यायला साध्या साडीत एक महिला पोलीस अधिकारी घरी आल्या. त्या घाटावरच्या. मुलीचं बोलणं त्यांना अर्धं समजायचं, अर्धं नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, तुम्ही शुद्ध मराठीत सांगा, मी लिहून घेते. मी म्हटलं, "मॅडम, ती बोलतेय तसंच लिहा. माझे शब्द घातलेत तर ते माझं म्हणणं होईल." बाई चांगल्या होत्या. हो म्हणाल्या, आणि शब्द न् शब्द विचारत लिहू लागल्या. शेवटी वाचून दाखवताना घाटी हेलात त्यांनी कोळी बोली अशी काही वाचली, की पोरगी फिसकन हसली. तिच्या आईने पदराने तोंड झाकलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसलं असेल.

सरांना अटक झाली. आणि शाळेत मी गुन्हेगार झाले. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. माझ्या डब्याशेजारी कोणाचा डबा यायचा नाही. संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, घरातली भांडणं घरात मिटवायची असतात. मी म्हटलं, "हे भांडण नाही, गुन्हा आहे. आणि ते घर मुलीचं नव्हतं." शाळेच्या वेळेनंतर परवानगीशिवाय विद्यार्थिनीला बाहेर नेलं, असा मेमो मला मिळाला. मी तो मिळाल्याची सही केली आणि कबड्डीच्या सरावाला गेले. एका पालकांनी तर गेटवर अडवून विचारलं, आता आमच्या मुलांचे उच्चार कोण सुधारणार? मी म्हटलं, मुलं बोबडी राहिली तरी चालतील, सुखरूप राहू देत.

मुलीचा दाखला काढून न्या, तिच्याच भल्यासाठी, असा निरोप तिच्या आईला गेला. आई टोपली घेऊन, होय, मासळीची टोपली घेऊन ऑफिसात आली आणि म्हणाली, "माजी पोर कुटं नाय जानार. ज्याला लाज वाटते त्यानी शाला सोडावी." मुलगी शाळा सोडून गेली नाही. सातवीत खो-खोच्या संघाची कॅप्टन झाली. पुढे आणखी दोन मुली बोलल्या, त्यातली एक तर तेव्हा कॉलेजात पोचलेली होती. त्या बोलल्या तेव्हा माझ्या डब्याशेजारी हळूच एक डबा आला. मी चटणी पुढे केली. अजून काय करणार, रोज एकाच खोलीत जेवायचं होतं.

मला राग एका गोष्टीचा येतो आणि तो जाणार नाही. आपण म्हणतो, मुलाला काही झालं तर मूल रडेल, अंग चोरेल, आपल्याला कळेल. नाही कळत. मूल हट्टी होतं, खोटं बोलतं, अभ्यास बुडवतं, चांगल्या माणसाला नमस्कार करत नाही, आलेली भाषा विसरतं. आणि आपण छडी घेऊन मुलाला सुधारायला धावतो. वाईट वागणाऱ्या मुलाला आधी विचारा, तुला कुठे जायचं नाही? शिक्षा काय पळून जात नाही.

खटला अलिबागला चालला. तोवर मुलगी आठवीत गेली होती. शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टात आव्हानात आहे, आणि त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. मला सांगायचं आहे ते तिच्या साक्षीचं. दरवाजे बंद करून साक्ष झाली, आरोपी तिला दिसणार नाही अशी सोय होती, आत तिची आई होती. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यामुळे हे मी तिच्या आईकडून ऐकलं, एसटीत बसून, परत येताना. मुलगी खिडकीशी झोपली होती.

आई म्हणाली, सरांच्या वकिलाने प्रश्न काढला आणि तो न्यायाधीशांनी मुलीला विचारला. त्या दिवसांत तू शाळेत मुद्दाम चुकीचं बोलत होतीस, हे खरं का? ती म्हणाली, हो. म्हणजे तू सगळ्यांना फसवत होतीस? सरकारी वकील उठायला लागले. वर्षभर पढवलेली, स्पर्धा जिंकणारी साफ भाषा त्या पोरीला येत होती. ती तिने वापरली नाही. आपल्या घरच्या बोलीत, खो-खोच्या मैदानावर पोचेल अशा आवाजात ती म्हणाली:

"हो, फसवत व्हती. खरा सांगून पन सुटता येतं, ह्ये तवा मना कोनी सांगलाच नव्हता."